भाड्याचं मांजर

"माझा वकील चपला फटकावत येतो," रांगेत मागे उभी असलेली बाई मैत्रिणीच्या कानाशी कुरकुरत होती, आणि रांग इतकी चिकटून होती की तो कान जवळजवळ ओर्तेन्सियाचाच होता. "वर म्हणतो, काकू, मी तुमच्यातलाच आहे. मी म्हटलं, बाबा रे, आमच्यातले आमच्याकडे ढिगानं आहेत. आत आहेत ते आमच्यातले, बाहेर रांगेत आहेत ते आमच्यातले. एखादा त्यांच्यातला मिळाला असता तर काही उपयोग होता."

"माझा टाय लावतो," मैत्रीण म्हणाली. "पण फोन उचलत नाही."

"टाय लावून उचलत नाही ना? मग निदान कामात असेल असं तरी वाटतं. माझा चपला घालून उचलत नाही."

दोघी खुसखुसल्या. एरवी ओर्तेन्सिया आरिस्मेंदीनं मागे वळून त्यांना दाद दिली असती. वकिलीत तिची उभी हयात गेली होती आणि वकिलांची निंदा तिला वकिलांपेक्षा जास्त आवडायची. हे चपलांचं तर तिनं ऑफिसात नेऊन उलिसेसला ऐकवलं असतं. उलिसेस हा तिचा तरुण भागीदार. पोरगा हुशार, मनानं चांगला, पण अशिलांसमोर कॅनव्हासचे बूट आणि गळ्याशी सैल झालेला टी-शर्ट घालून बसायचा. "बाई, गरीब माणूस कोट बघूनच गार पडतो," असं त्याचं म्हणणं. "टेबलाच्या पलीकडे त्याला आणखी एक साहेब कशाला दाखवायचा?" ओर्तेन्सियाचं म्हणणं होतं की गरीब माणूस वकिलाकडे येताना स्वतः काय घालून येतो ते बघ. इस्त्रीचा शर्ट घालतो, केसांना पाणी लावतो, बायकोला विचारतो ठीक दिसतोय का. आणि समोर तू, आत्ताच झोपेतून उठल्यासारखा. त्याला वाटणार, माझ्या भानगडीची किंमत एवढीच. हा वाद त्यांच्यात सकाळच्या कॉफीसारखा रोज व्हायचा आणि कॉफीबरोबरच संपायचा.

पण आज तिचं कशातच लक्ष नव्हतं. ती मनातल्या मनात एक वाक्य घोटत होती. 'नोएलिया, आज सकाळी वरच्या कोर्टानं आपलं अपील फेटाळलं.' एवढंच. 'दुर्दैवानं' हा शब्द तिनं मिनीबसमध्येच काढून टाकला होता. तो शब्द वकील स्वतःला बरं वाटावं म्हणून वापरतात.

नोएलिया उस्कांगाचं नाक्यावर न्याहारीचं छोटं दुकान होतं आणि दुकानामागे एक खोली होती. ती तिनं दोन भावांना भाड्यानं दिली. त्या खोलीत पोलिसांना एक हार्डवेअरचा दुकानदार सापडला, पळवून आणलेला, हात बांधलेला. मला काही माहीत नव्हतं, असं नोएलिया म्हणत होती. सरकारी वकील म्हणत होता, भाडेकरू दोन आणि तुम्ही त्यांना जेवण तिघांचं पाठवत होतात, ते कसं? त्यावर नोएलिया एकदाच म्हणाली होती, "खाणारे होते," आणि कोर्टात कुणीतरी हसलं होतं. त्या हसण्याची बारा वर्षांची शिक्षा झाली. त्या बारा वर्षांवर अपील होतं, ते आज गेलं.

उद्या कोर्टाचा माणूस कागद घेऊन येईल, व्हरांड्यात उभ्याउभ्या वाचून दाखवील आणि सहीसाठी बोट दाखवील. त्याच्या आधी नोएलियानं हे आपल्या वकिलाच्या तोंडून, समोरासमोर बसून ऐकावं, एवढीच ओर्तेन्सियाची इच्छा होती. काही फार मोठी मागणी नव्हती.

रांग पुढे सरकली. फाटकाशी काळ्या गणवेशातली पहारेकरीण उभी होती, तिच्या डोक्याच्या वर भिंतीवर काचेच्या पेटीत ग्वादालूपेच्या मातेची मूर्ती. पहारेकरणीनं ओर्तेन्सियाचं ओळखपत्र पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बोलावं की न बोलावं अशा सुरात म्हणाली, "वकीलबाई, निळं."

"काय निळं?"

पहारेकरणीनं हनुवटीनं तिच्या कोटाकडे दाखवलं.

ओर्तेन्सियानं खाली पाहिलं. कोट गर्द निळा. पँट गर्द निळी. तिचा कोर्टाचा सूट, ताज्या इस्त्रीचा, पोटाशी किंचित घट्ट.

आता हा नियम तिला नवीन नव्हता. हा नियम तिच्या उशाशी झोपायचा. आतल्या बायकांचे कपडे घरचे असतात, पण रंग सरकार ठरवतं. निकाल पक्का होईपर्यंत बिस्किटी. पक्का झाला की गर्द निळा. पहारेकऱ्यांचा काळा. तेव्हा भेटायला येणाऱ्यानं हे तीन सोडून हवा तो रंग घालावा, म्हणजे संध्याकाळी कुणी आत राहायचं आणि कुणी घरी जायचं यात घोळ होत नाही. त्यासाठीच तर ओर्तेन्सियानं एक डाळिंबी रंगाचा सूट मुद्दाम शिवून घेतला होता. तो ऑफिसात दाराच्या मागे टांगलेला असायचा. उलिसेस त्याला कौतुकानं 'बाईंचा तुरुंगाचा पोशाख' म्हणायचा. कोर्टातून ऑफिस, ऑफिसात निळा उतरवून डाळिंबी चढवायचा, मग इकडे. असं वर्षानुवर्षं चाललेलं. आज तिनं निकाल कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि पाय आपोआप मिनीबसच्या थांब्याकडे गेले. मधलं ऑफिस पायांच्या लक्षातच राहिलं नाही.

"कोट काढते," ती म्हणाली.

"पँट?" पहारेकरीण म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "वकिलांची खोली पण आज बंद आहे, बाई, भेटीचा दिवस आहे ना. अंगणातच बसावं लागेल तुम्हाला सगळ्यांबरोबर. निळ्यात नाही सोडता यायचं. समोर कूकाबाईकडे बघा ना काही मिळतं का."

मागची बाई मैत्रिणीला म्हणाली, "बघ. त्यांच्यातल्यांना पण परत पाठवतात."

कूकाबाईची टपरी रस्त्याच्या पलीकडे, निळ्या ताडपत्रीखाली. चुकीच्या रंगात आलेल्यांना ती कपडे भाड्यानं द्यायची आणि त्यांचे फोन, पट्टे, चाव्या प्लास्टिकच्या पिशव्यांत सांभाळून ठेवायची. मागे चादरीचा पडदा लावून कपडे बदलायची जागा केली होती. टपरीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या. डाव्या दोरीवर बिस्किटी ब्लाउज आणि पँटी, उजव्या दोरीवर गर्द निळ्या. ते भाड्याचं नव्हे, विकायचं. डावीकडून उजवीकडे जायला टपरीत चार पावलं पुरत, पण ती चार पावलं टाकायला आलेली माणसं फार वेळ लावत, असं कूकाबाईच म्हणायची.

"वकीलबाई? तुम्ही?" कूकाबाई कढईतली केसादिया, चीज भरलेली पोळी, उलटता उलटता म्हणाली. ती खायलाही विकायची. "अहो, इतकी वर्षं समोर बसलेय, तुम्हाला कधी साधी बांगडी विकता आली नाही मला. आज बरी देवानं पाठवली."

"निळं घालून आले, कूकाबाई."

"दिसतंय," कूकाबाई म्हणाली. तिनं सुटाकडे पाहिलं, मग ओर्तेन्सियाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग एकदम केसादियाकडे. प्रश्न पोटात ठेवणारी बाई नव्हती ती. कुणाचा नवरा कुणाबरोबर दिसला हे ती गिऱ्हाइकाला पदरचं तिखटमीठ लावून सांगायची. पण आज तिनं हात पुसले आणि पेटीत डोकं घातलं. "गुरुवार आहे ना, चांगलं चांगलं सकाळीच उचलतात. तुमच्या मापाचं म्हटलं तर... हे बघा."

तिनं झटकून वर धरला तो राणी रंगाचा जाड स्वेटशर्ट होता. छातीवर चमक्यांचं मांजर. मांजराच्या कानाशी बो, आणि खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, जे मांजरालाही समजलं नसतं.

"दुसरं काही?"

"दुसरं आहे. त्याच्यावर 'नवरी' लिहिलंय."

"मांजरच द्या," ओर्तेन्सिया म्हणाली.

पँट झेंडूच्या रंगाची निघाली, कमरेला इलास्टिक, आणि घोट्याच्या वर चांगली वीतभर संपणारी. "उंची काय घ्यायची आहे," कूकाबाई म्हणाली, "बसूनच तर बोलायचंय. आणि बाई, टाचा पण काढा. टाचांचे बूट बघितले की पहारेकरणी त्यांत करवत शोधतात." तिनं प्लास्टिकच्या चपला पुढे सारल्या.

म्हणजे चपलासुद्धा, ओर्तेन्सियाच्या मनात आलं. उलिसेसला हे कळता कामा नये.

तेवढ्यात चादरीमागून एपिफानियाबाई बाहेर आल्या. नोएलियाची आई. काळी शाल आत चालत नाही म्हणून दर गुरुवारी त्या इथे ती ठेवून हिरवी घेत. घरून हिरवी शाल आणली असती तर काम झालं असतं, पण वैधव्यात काळ्याशिवाय रस्त्यावर निघायचं त्यांना पटत नव्हतं. तेव्हा काळी घालून यायचं आणि फाटकासमोर बदलायचं, असा त्यांनी देवाशी आणि सरकारशी वेगवेगळा हिशेब ठेवला होता.

त्यांनी ओर्तेन्सियाला पाहिलं. निळा कोट, निळी पँट. हातात राणी रंगाचं मांजर.

ओर्तेन्सियाला वकील म्हणून निवडलं ते याच बाईंनी. आधीचा सरकारनं दिलेला वकील नोएलियाला 'काय गं सडपातळे' म्हणायचा आणि टेबलाला रेलून च्युइंगम चघळायचा. एपिफानियाबाई शहरात चार वकिलांच्या दारांतून डोकावून आल्या आणि ओर्तेन्सियापाशी थांबल्या. का, असं नंतर विचारल्यावर म्हणाल्या, "तुमच्या कोटाला इस्त्री होती. म्हटलं, कागदांनाही असेल." तेव्हापासून ओर्तेन्सियानं इस्त्रीत हयगय केली नव्हती. आणि तेव्हापासून एपिफानियाबाईंनी तिला तुरुंगाच्या वाटेवर डाळिंबीखेरीज दुसऱ्या रंगात पाहिलं नव्हतं.

"आज आलात," एपिफानियाबाई म्हणाल्या.

"हो. म्हटलं गुरुवार आहे, तुम्हीही असाल."

"हो. असते ना मी." त्या जरा थांबल्या. पोरीच्या आईनं जे विचारायचं ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं ओर्तेन्सियाला दिसलं. तिथून ते वळलं आणि दुसरंच होऊन बाहेर पडलं. "जेवलात का तुम्ही?"

"नाही अजून."

"मोले आणलाय. रस्सा टर्कीचा नाही, कोंबडीचाच. टर्की म्हातारी निघाली शेजारणीची, तीन तास शिजवली तरी तिचं आपलं चालूच. तुम्ही बसा आमच्याबरोबर."

ओर्तेन्सिया चादरीमागे गेली. निळा कोट काढला, पँट काढली, दोन्हींच्या नीट घड्या घातल्या. मांजर डोक्यातून घालताना चमक्या केसांत अडकल्या. आरसा नव्हता, ते एक बरं होतं. घोटलेलं वाक्य तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. 'नोएलिया, आज सकाळी वरच्या कोर्टानं...' पण ते वाक्य तिनं डाळिंबी सुटाच्या मापानं बेतलं होतं. या कपड्यात ते खांद्यांवरून उतरत होतं.

बाहेर येऊन तिनं सूट कूकाबाईच्या हातात दिला. कूकाबाईचं लक्ष कढईत. तिनं सवयीनं हॅन्गर घेतला, कोट अडकवला, झटकला, आणि तसाच नेऊन उजव्या दोरीवर टांगला, त्याच रंगाच्या रांगेत. तिथे तो इतका चपखल बसला की क्षणभर कुठला विकायचा आणि कुठला वकिलाचा ते ओळखू येईना.

तिघींनी एकदमच पाहिलं.

कूकाबाईनं जीभ चावली. "अगं बाई, इथे कुठे मी... तेलाचे डाग पडतील," असं म्हणून तिनं कोट ओढून काढला आणि पेटीत घातला, मग पेटीतून काढून स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, मग तिथूनही उचलला. एपिफानियाबाई डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत होत्या. त्या उजव्या दोरीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. नेहमीच तशा उभ्या राहत. शाल बदलताना, शाल परत घेताना, पाऊस लागला म्हणून थांबल्या तरी. कूकाबाईनं कधी त्यांना खुर्ची दिली तर ती आधी फिरवून ठेवायची.

"भाडं?" ओर्तेन्सियानं विचारलं.

"परत येताना बघू," कूकाबाई म्हणाली. "जा. मोले गार होईल."

आत शिरताना एका पहारेकरणीनं मोलेमध्ये चमचा घालून तळ ढवळला, तोर्तियांच्या, मक्याच्या पोळ्यांच्या, चवडीतून सुरी फिरवली. दुसरीनं ओर्तेन्सियाच्या मनगटावर शिक्का उठवला आणि मांजराकडे बघून ओठ आवळले. "छान आहे," ती म्हणाली. "माझ्या भाचीकडे असंच आहे. सात वर्षांची आहे ती."

बोगद्यासारखा लांब व्हरांडा, त्याच्या शेवटी उजेड, आणि उजेडात अंगण. सिमेंटची टेबलं, त्यांवर घरून आणलेले टेबलक्लॉथ. बिस्किटी आणि निळ्या बायका, त्यांच्या अंगाखांद्यावर पोरं, डब्यांचे वास, एका कोपऱ्यात कुणाच्यातरी वाढदिवसाची तीन-चार फुगे लावलेली कांडी. भिंतीच्या वर दूरचा पोपो ज्वालामुखी आज जरासा धूर सोडत होता. पोरं त्याला हात हलवत होती.

नोएलिया आली. वकील येणार असा निरोप कालच आत गेला होता, म्हणून ती जशी नेहमी वकिलाच्या भेटीला यायची तशी आली होती: केस घट्ट बांधलेले, ओठांना रंग, आणि बिस्किटी ब्लाउजला रात्रभर गादीखाली ठेवून आणलेली घडी. वकिलांच्या खोलीत त्या दोघी अशा समोरासमोर बसायच्या, एक डाळिंबी इस्त्रीत आणि एक बिस्किटी इस्त्रीत, जणू काही बँकेत कर्जाचं बोलायला आल्यात. याबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

ती टेबलापाशी पोचली आणि थबकली.

"बाई," ती म्हणाली, "हे मांजर कुणाचं?"

"भाड्याचं," ओर्तेन्सिया म्हणाली.

नोएलिया हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात सोडून. टेबलाच्या कडेला धरून ती हसत राहिली. या तुरुंगात ओर्तेन्सियानं तिला हसताना पाहिलं नव्हतं. दात पुढे होते तिचे किंचित, आणि हसताना ती तिशीची पोरगी दिसत होती.

"हसू नकोस गं," एपिफानियाबाई पानं मांडत म्हणाल्या. "चांगलं दिसतंय. तरुण दिसतात त्या."

"आई, पँट बघ. पूर आला तर भिजणार नाही."

"तुझ्या आईनं मोले आणलाय," ओर्तेन्सिया म्हणाली. वाक्य घशाशी होतं. पण नुकत्याच हसलेल्या माणसाला ते कसं म्हणायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

नोएलिया बसली. डोळे पुसले, ओठांचा रंग हाताच्या पाठीनं सारखा केला. "खरं सांगू? तुमच्या त्या डाळिंबी कोटाची मला पहिल्यांदा भीती वाटायची. आधीचा तो च्युइंगमवाला यायचा ना, त्याच्यासमोर मी कशीही जाऊन बसायचे. रात्रीच्या कपड्यांत, केस असे. तो पण तसाच. तो म्हणायचा, टेन्शन घेऊ नको. मी घेत नव्हते. काही सांगतही नव्हते त्याला. मग तुम्ही आलात. म्हटलं, ही बाई एवढा कोट घालून दीड तास मिनीबसमध्ये उभी राहून आली आणि मी हिच्यासमोर अशी? दुसऱ्या खेपेला केस विंचरले." ती तोर्तिया फाडत होती, पण खात नव्हती. "बाकीच्या दिवशी नाही विंचरत. माझ्या खोलीतल्या लुपेला विचारा हवं तर. पण तुम्ही येणार म्हटलं की आदल्या रात्री गादीखाली ब्लाउज घालते, आणि मग त्याला चुण्या पडू नयेत म्हणून सरळ झोपावं लागतं. सरळ झोपलं की झोप लागते. म्हणजे आठवड्यातनं एक रात्र तरी लागते."

ओर्तेन्सिया उलिसेसशी इतकी वर्षं भांडली, पण हा मुद्दा तिला स्वतःला कधी सुचला नव्हता.

"खा," एपिफानियाबाई म्हणाल्या. "दोघीही खा."

"मग आज कोट कुठाय?" नोएलियानं विचारलं. "लाँड्रीत?"

उत्तर तिनंच हातावर आणून ठेवलं होतं. लाँड्रीत म्हटलं की झालं. निदान जेवण होईपर्यंत. ओर्तेन्सियानं खाली पाहिलं. मांजराच्या डोळ्यातली एक चमकी सुटून टेबलक्लॉथवर पडली होती.

"ऑफिसात आहे," ती म्हणाली. "दाराच्या मागे."

"मग घालून काय आला होतात, की फाटकात अडवलं?"

"तोर्तिया गार होतायत," एपिफानियाबाई म्हणाल्या. "आणि ते शेजारणीचं सांगायचं राहिलंच. टर्की तिनं परत मागितली. शिजवलेली. म्हणते, पिसं तरी दे. मी म्हटलं, बाई गं, पिसं तुझ्याच अंगणात..."

"आई."

"कोर्टातनं तशीच आले," ओर्तेन्सिया म्हणाली.

नोएलियानं मान हलवली, पुरतं न कळल्यासारखी. मग हळूहळू तिची मान हलायची थांबली. बोटाच्या टोकानं तिनं टेबलावरची चमकी उचलली आणि उन्हात धरून पाहिली.

"कोर्टात तुम्ही निळा घालता," ती म्हणाली. "मी बघितलाय. माझ्या निकालाच्या दिवशी घातला होतात."

"हो."

"आणि तिथनं तुम्ही नेहमी आधी ऑफिसात जाता. कपडे बदलता. मला एकदा सांगितलं होतंत."

"हो. आज राहून गेलं."

पलीकडच्या टेबलावर वाढदिवसाचं गाणं सुरू झालं. कुणीतरी चुकीच्या सुरात लावलं आणि सगळं अंगण त्याच सुरात गाऊ लागलं, पहारेकरीणसुद्धा. गाणं संपेपर्यंत तिघी थांबल्या. मग टाळ्या झाल्या, त्याही संपल्या.

"नोएलिया," ओर्तेन्सिया म्हणाली, "आज सकाळी वरच्या कोर्टानं..." आणि तिथेच अडकली. तिनं मांजरावर हात ठेवला, कोटाचं बटण लावायला ठेवावा तसा. बटण नव्हतं. "अजून एक दार आहे. मी बोललेय तुला त्याबद्दल. घटनेच्या आधारावर वरती अर्ज करता येतो. वेळ लागेल, पण मी उद्यापासून..."

"दाराचं नंतर," नोएलिया म्हणाली. रागानं नाही. "दाराचं तुम्ही पुढच्या वेळी डाळिंबी घालून सांगा, तेव्हा मी नीट ऐकेन."

"घालून येईन."

"मी पण केस विंचरून येईन."

ती आईकडे बघत नव्हती. ओर्तेन्सियाही बघत नव्हती. दोघींनाही वाटत होतं, की या बाईंना अजून कळलेलं नाही, आणि कुणीतरी त्यांना सांगायला हवं, आणि ते कुणीतरी आपण नको. एपिफानियाबाई डब्यातला उरलेला मोले भाताच्या बाजूला सारत होत्या, चमच्यानं कडा स्वच्छ करत होत्या, जिथे आता स्वच्छ करायला काही उरलं नव्हतं. मग त्यांनी चमचा खाली ठेवला. हात शालीला पुसले. उठून त्या लेकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिच्या बिस्किटी ब्लाउजची कॉलर मागच्या बाजूनं उलटी करून आतल्या पट्टीवरचं माप पाहू लागल्या. जवळून दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी मान मागे नेली.

"मध्यमच होतंय ना तुला अजून?" त्या म्हणाल्या.

नोएलियानं चमकी टेबलक्लॉथवर परत ठेवली.

"खांद्यात जरा सैल झालंय. जेवत नाहीस तू." त्यांनी वितीनं तिचे खांदे मापले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा एकदा उलट्या बाजूनं, बाजारात कापड घेताना खात्री करून घ्यावी तसे. मग दोन्ही हात तिथेच ठेवले. "पुढच्या गुरुवारी निळे दोन जोड आणते. कूकाबाईकडचे नाही घ्यायचे. मी हात लावून पाहिलंय तिचं कापड, दोन धुण्यांत विटतं. आपल्याला टिकणारं हवं."